मिरजेच्या सतारी आर्लला न्यायच्या, तर...

प्रश्न : मी मिरजेचा, वय 29. लग्नाचे फोटो काढतो, त्यावर घर चालतं. गेली सहा वर्षं सवड मिळेल तसा सतारमेकर गल्लीत जाऊन तिथल्या कारागिरांची छायाचित्रं काढतोय. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सवात जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपलं काम जाणकारांना समोर बसून दाखवता येतं. तिथं मला जागा मिळाली आहे. खर्च अडीच लाखांच्या घरात जातोय. पत्नीचं म्हणणं, एवढ्यात नवी लेन्स येईल आणि स्टुडिओला एसी बसेल. माझं इंग्रजी जेमतेम. आमच्याकडचे एक ज्येष्ठ छायाचित्रकार म्हणतात, "परदेशी लोकांना वारी दाखव, साधू दाखव, रंगपंचमी दाखव. सतारीचा भुसा कोण बघतो?" मी जावं का? आणि काय घेऊन जावं?

उत्तर : जा. मात्र घरच्यांचा हिशेब चुकलेला नाही, हे मनाशी कबूल करून जा. त्या आठवड्यातून एक रुपयाही परत येणार नाही, असंच धरून चाला. मी 2019 साली गेले होते आणि परत आल्यावर दीड वर्ष पतपेढीचे हप्ते भरत होते. लग्नाची एकही ऑर्डर त्या प्रवासामुळे जास्त मिळाली नाही. तरीही मी तुम्हाला जा म्हणतेय, ते का हे सांगायला मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

मी सोलापूरची. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार बायकांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, दहा हजार घरांची. तिथं मी चार वर्षं जात होते. सकाळी तेंदूची भिजवलेली पानं पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घ्यायचं, सुपात तंबाखू, बोटाला दोरा, आणि हजार विड्या होईपर्यंत उठायचं नाही. आर्लला जाताना मी बेचाळीस प्रिंट नेले. सगळ्यांत वर ठेवले ते मला सुंदर वाटणारे. पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची तिरीप, तंबाखूच्या धुळीत चमकणारे किरण, सुरकुतलेला चेहरा. सोलापुरात त्यांना दोन बक्षिसंही मिळाली होती.

माझ्या वेळी एका भेटीला वीस मिनिटं होती. मोठा हॉल, ओळीनं टेबलं. टेबलापलीकडे एखाद्या संग्रहालयाचा माणूस, कुठे प्रकाशक, कुठे मासिकाचा छायाचित्र-संपादक. वेळ संपली की उठायचं, पुढचा बसतो. पहिल्या तिघांनी माझे सुंदर प्रिंट पाहिले, छान म्हणाले, हात मिळवला. चौथ्या भेटीला छायाचित्रांची पुस्तकं काढणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी न बोलता बेचाळीसांतले चोवीस बाजूला काढले. किरणांचे सगळे त्यात गेले. जे उरले ते मी भरीला म्हणून आणलेले होते : सूप मांडीवर आणि शेजारी पोराची गृहपाठाची वही, टीव्ही चालू आणि बाईची नजर टीव्हीवर पण बोटं विडीवर, दुपारी जमिनीवर आडवी झालेली आणि हातातला दोरा तसाच राहिलेली एक मुलगी. ते त्यांनी टेबलावर मांडले, क्रम दोनदा बदलला आणि विचारलं, "हजार विड्या झाल्या की ही त्या घेऊन कुठे जाते?"

कारखान्यात जाते. तिथं एका खिडकीवर विड्या तपासल्या जातात, काही बाद होतात, बाद झालेल्यांचे पैसे जातात. बाईचा दिवस खरा तिथं ठरतो. हे मला माहीत होतं. पण त्या खिडकीसमोरचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. पहिल्या वर्षी एका कारखान्यानं आत येऊ दिलं नाही, आणि त्यानंतर मी पुन्हा विचारलंच नव्हतं. घरातला उजेड छान मिळत होता, त्यात मी रमले होते. चार वर्षांच्या कामातली मधलीच जागा रिकामी होती आणि हे मला कुंभारीपासून हजारो किलोमीटरवर, त्या भाषेतला एकही शब्द न येणाऱ्या जागी कळलं. सोलापुरात कुणी सांगितलं नाही, कारण सोलापुरात सगळ्यांना ती खिडकी ठाऊक आहे. आपण ती मनातल्या मनात भरून घेतो. परक्याला ती भरता येत नाही. म्हणून तो विचारतो.

एवढ्यासाठी जायचं. परत आल्यावर मी वर्षभर त्या खिडकीमागे लागले. शेवटी दुसऱ्या एका कारखान्यानं परवानगी दिली.

आता तुमच्या संचाकडे येते. तुम्ही पत्रासोबत पाठवलेले तीस फोटो मी जमिनीवर पसरून पाहिले. तुमच्या ज्येष्ठांचा मला आदर आहे, पण त्यांचं हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. वारीचे आणि साधूंचे फोटो त्या टेबलांवर दर वर्षी येतात, उत्तम येतात, आणि बहुतेक जणांनी एकेक यात्रा करून काढलेले असतात. सतारमेकर गल्लीत सहा वर्षं चहा प्यायलेला माणूस त्या हॉलमध्ये तुम्ही एकटेच असाल. भुसाच न्या.

पण तुमच्याही संचात जागा रिकाम्या आहेत. भोपळा तुमच्याकडे थेट दुकानातच उगवतो! तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो, माझ्या जिल्ह्यातून. सतारीचा भोपळा खायच्या कामाचा नाही, वेलावरच तो पक्का होऊ द्यावा लागतो, त्याचा आकार बिघडू नये म्हणून शेतकऱ्याला जपावं लागतं. तो शेतकरी तुमच्या एकाही फोटोत नाही. जूनपर्यंत वेळ आहे, एसटीनं या, शेत दाखवायला मी बरोबर येईन. दुसरं, बायका. घरामागच्या अंगणात काहीच काम चालत नसेल, असं मला वाटत नाही. तिसरं, 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याचा फोटो तुम्ही काढला आहे. तो पाहून समोरचा लगेच विचारेल, यानंतर कारागिराची मजुरी वाढली का? उत्तर गल्लीतून विचारून घेऊन जा, जे असेल ते.

आणि एक फोटो तुम्ही अठ्ठाविसावा ठेवलाय, तो पहिल्या पाचांत घ्या. म्हातारे कारागीर घोडीवरची जवारी काढताहेत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी घासताहेत, कानस थांबली आहे, मान एका बाजूला कलली आहे आणि डोळे मिटलेले आहेत. कानसेचा एक हात कमी-जास्त झाला तर तारेचा आवाज बदलतो, म्हणून ते ऐकताहेत. ऐकण्याचा फोटो इतका सरळ निघालेला मी फार क्वचित पाहिला आहे. तो तुम्ही मागे का टाकलात, हे मला समजतं. त्यात सतार नीट दिसत नाही. नाही दिसली तरी चालेल.

पंचवीस-अठ्ठावीस प्रिंट पुरेत. 10 बाय 12 इंच, चमक नसलेल्या कागदावर, साध्या पुठ्ठ्याच्या पेटीत. टॅबवर दाखवू नका. प्रिंट टेबलावर मांडता येतात, क्रम बदलता येतो, आणि माझ्या कामाचं जे काही भलं झालं ते त्या क्रम बदलण्यातूनच झालं. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं माणसाचं नाव, काम, साल लिहा. नावाचं मी मुद्दाम सांगते. परत आल्यावर मी कुंभारीला प्रिंट वाटायला गेले, तेव्हा एका बाईनं स्वतःचा फोटो पदरानं पुसला आणि विचारलं, "तिकडं माझं नाव सांगितलीस का गं?" मी नव्हतं सांगितलं. मी "एक विडी कामगार" म्हणाले होते, आठही टेबलांवर. तुम्ही मिरजेत ज्यांना चाचा म्हणता, त्यांना तिथं 'एक कारागीर' करू नका.

इंग्रजीची भीती सोडा. टेबलापलीकडचे निम्मे लोक फ्रेंच, इटालियन, जर्मन असतात. त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं आणि साधी, छोटी वाक्यं त्यांना आवडतात. पाच वाक्यं पाठ करा : मी कोण, हे गाव कुठे आहे, हे लोक काय करतात, मी किती वर्षं जातोय, मला तुमच्याकडून काय हवं आहे. शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. संग्रहालयाच्या माणसाला "पुस्तक काढाल का" विचारून उपयोग नसतो. कोण कुठल्या टेबलावर आहे हे आधी कळतं, त्यांचं काम पाहून जा. पत्नीला समोर बसवून, घड्याळ लावून, वीस मिनिटांची तालीम करा. त्या कंटाळल्या तर फोटो कमी करा.

व्हिसाचं आत्ताच हाती घ्या. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर तारीख मिळणं अवघड होतं. मार्च-एप्रिलमध्ये उरका. फी 90 युरो आहे. निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, राहण्याचा पुरावा लागतो, महोत्सवाचं पत्र लागतं. तुमची खरी अडचण वेगळी असेल. लग्नाच्या धंद्यात पैसा रोखीनं येतो आणि बँकेत दिसत नाही. आयकराची विवरणपत्रं नीट भरलेली असतील तर ती पुढे करा. प्रवासाच्या महिनाभर आधी मेहुण्याकडून दोन लाख खात्यात टाकून घेऊ नका. अचानक आलेली रक्कम व्हिसा देणाऱ्यांच्या नजरेत येते. काम सहा वर्षांचं असू द्या, पण खातंही सहा महिन्यांचं खरं दिसू द्या.

मुंबईहून निघताना विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याकडे कॅमेरा आणि लेन्स दाखवून, त्यांचे सिरियल नंबर नोंदवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. परत येताना "हे तिकडे घेतलं का" असा प्रश्न आला तर तोच कागद कामाला येतो. यासाठी तासभर आधी पोहोचा. बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, तसेच प्रिंटही हातातच. फिल्म वापरत असाल तर तपासणीच्या यंत्रात न घालता हातानं तपासा, अशी विनंती करा. नव्या सीटी यंत्रांनी फिल्म खराब होते.

राहण्याबद्दल एक चूक टाळा. पहिल्या आठवड्यात आर्लमधल्या खोल्या फार महाग असतात, म्हणून लोक नीम किंवा अविन्योंला राहायचं ठरवतात. रेल्वेनं ते जवळच आहे. पण महोत्सवाचा जीव रात्री असतो. जुलैत तिथं साडेनऊनंतर अंधार पडतो, मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांवर बसून मोठ्या पडद्यावर छायाचित्रं पाहायची, आणि ते संपेतो परतीची गाडी गेलेली असते. आर्लमध्येच वसतिगृहात खाट घ्या किंवा खोली वाटून घ्या. मी ढाक्याच्या आणि लिस्बनच्या दोघींबरोबर एका खोलीत राहिले. ढाक्याची आजही माझे फोटो पहिल्यांदा पाहते आणि तिचे मी.

उन्हाचं म्हणाल तर आम्ही सोलापूरचे, मला वाटलं आपल्याला काय! मी पोहोचले त्याच्या दोन-तीन दिवस आधी, 28 जूनला, तिथून फार दूर नसलेल्या वेरार्ग गावी 46 अंश नोंदले गेले होते. फ्रान्समधला तोवरचा उच्चांक. आणि तिथल्या जुन्या घरांत पंखा नाही. टोपी, पाण्याची बाटली, पायात सवयीच्या चपला. गाव छोटं आहे, सगळीकडे पायीच जाता येतं. जेवणावर पैसे वाचवायचे असतील तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, मी आठवडाभर त्यावर एक वेळ भागवली. पेढे, तूप, खवा नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला मनाई आहे.

टेबलांच्या भेटी झाल्या की हॉलमध्ये बसून राहू नका. हा महोत्सव 1970 साली सुरू झाला. आर्लचेच छायाचित्रकार ल्युसियाँ क्लेर्ग, लेखक मिशेल तुर्निए आणि इतिहासकार जाँ-मोरिस रुकेत या तिघांनी तो उभा केला. गावच्याच माणसाची ती कल्पना असल्यामुळे असेल, पण अख्खं गाव भिंती देतं. बंद पडलेली चर्च, रेल्वेची जुनी वर्कशॉप, मठाचं आवार. 2019 मध्ये मोनोप्री नावाच्या सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर मोहमद बुरुइसाचं प्रदर्शन होतं. खाली लोक भाजी घेताहेत आणि वर शहराच्या कडेला ढकललेल्या तरुणांचे फोटो. ज्या जुन्या रुग्णालयात व्हॅन गॉगवर उपचार झाले तिथं हेलन लेविटची छायाचित्रं होती, न्यूयॉर्कच्या फुटपाथवर खेळणारी पोरं. मी तिथं तीनदा गेले. तिसऱ्यांदा गेले ती पुस्तकवाल्या बाईंच्या टेबलावरून उठून. लेविटच्या एकाही फोटोत किरणांची तिरीप नाही. रस्ता आहे, पायरी आहे, आणि पोरं काय करताहेत ते आहे. बाईंनी माझे चोवीस का बाजूला काढले, ते त्या भिंतीसमोर मला पटलं.

आणि जमलं तर पाब्लो बार्थोलोम्यूंचे सत्तरच्या दशकातले मुंबई-दिल्ली-कलकत्त्याचे कृष्णधवल फोटो निघण्याआधी पाहा. 2007 साली ते आर्लला दाखवले गेले होते. त्यात आपल्याकडचं माणूस 'भारत' म्हणून उभं केलेलं नाही. मित्र आहेत, खोल्या आहेत, रात्री आहेत.

पत्नीला एसीबद्दल शब्द द्या आणि तारीखही द्या.

प्रश्न : मी चंद्रपूरला शिक्षक आहे, वन्यजीव छायाचित्रण करतो. युरोपातल्या एका 'जागतिक छायाचित्रण परिसंवादा'चं ईमेल आलं आहे. माझी वक्ता म्हणून निवड झाली असून 'उत्कृष्टता पुरस्कार'ही जाहीर झाला आहे. नोंदणीसाठी आठ दिवसांत 480 डॉलर भरायचे आहेत. शाळेत पेढे वाटून झाले. आता शंका येते आहे.

उत्तर : गुरुजी, शंका रास्त आहे. पैसे भरू नका. वक्ता म्हणून बोलावणारे तुमचा विषय विचारतात, फोटो मागतात, किती मिनिटं बोलाल ते ठरवतात. यांनी तुमचा एकही फोटो मागितलेला नाही आणि पुरस्कार मात्र आधीच दिला. असंच एक पत्र मलाही आलं होतं. मी तीन गोष्टी विचारल्या : मागच्या वर्षीच्या वक्त्यांची नावं, सभागृहाचा पत्ता, आणि पैसे संस्थेच्या नावावर भरता येतील का. उत्तर आलं ते फक्त मुदत वाढवल्याचं. तुम्हीही हेच विचारा, आणि ज्या सभागृहाचं नाव सांगतील त्यांना स्वतः ईमेल करा.

नोंदणी फी असणं मात्र वाईट नाही. आर्लच्या भेटींनाही पैसे पडतात. तिथं ते कशाचे, हे आधी स्पष्ट लिहिलेलं असतं आणि कौतुकाची हमी नसते. ताडोबाच्या कडेच्या गावांत रात्री शेत राखणाऱ्या माणसांचे तुमचे जे फोटो आहेत, ते घेऊन खऱ्या ठिकाणी अर्ज करा. वाघापेक्षा मला ते जास्त आवडले.

प्रश्न : मुलगी 23 वर्षांची, नाशिकला छायाचित्रण शिकते. तिला परदेशी कार्यशाळेला जायचं आहे. पैसा बेताचा, आणि एकटीला पाठवायचा धीर होत नाही. – एक आई

उत्तर : ताई, युरोप नंतर. कंबोडियात सिएम रीपला 2005 पासून आंग्कोर छायाचित्र महोत्सव भरत आला आहे. आशियातल्या तरुण छायाचित्रकारांसाठी तिथं कार्यशाळा असते, शिकवण्याची फी घेत नाहीत. प्रवास आणि राहणं आपलं. निवड कामावर होते, त्यामुळे अर्ज करायलाच तिला सहा महिने नीट काम करावं लागेल. यंदाच्या तारखा आणि अटी त्यांच्याकडूनच विचारून घ्या. काठमांडूतही 2015 पासून 'फोटो काठमांडू' हा छायाचित्र महोत्सव सुरू झाला, आणि नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही.

धीर तुम्हाला यायला हवा, तिला आहेच. या डिसेंबरात दोघी मिळून पणजीला जा. तिथल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात छायाचित्रांची प्रदर्शनं असतात. तिला दिवसभर एकटीला फिरू द्या, अनोळखी छायाचित्रकारांशी बोलू द्या, संध्याकाळी मांडवीच्या काठावर भेटा आणि तिनं कुणाला काय विचारलं ते तिच्या तोंडून ऐका. मग अर्ज भरा.